फरदडीचा मोह सोड

नागपूर

चि. विलास,


कामगंध सापळ्याचा फोटो मिळाला. होय, हाच तो गुलाबी बोंडअळीचा पतंग. नखाएवढा, मातकट, पंखांवर काळसर पट्टे. सापळ्यात पडले ते सगळे नर. माद्या तुझ्या वावरात अंडी घालत फिरतायत. पण शेवटी तू सहज लिहून गेलास की भाव चढेल, म्हणून वेचणी झाली तरी कापूस न काढता एक पाणी देऊन फरदड ठेवतो. विलास, आप्पांच्या वावरात फरदड? मला रात्रभर झोप नाही.

तू विचारलंस, हा आला कुठून. अरे, 1842 साली भडोचच्या कापसावर त्याने घाला घातला आणि थोड्याच काळात सॉन्डर्स या कीटकतज्ज्ञाने त्याला नाव दिलं. 1917 मध्ये बस्क या दुसऱ्या कीटकतज्ज्ञाने त्याच्यासाठी पेक्टिनोफोरा ही वेगळी प्रजाती मांडली. तिच्यातल्या बाकीच्या दोन जाती ऑस्ट्रेलियाकडच्या. जगभरच्या कापसात शिरला तो हा एकटाच.

हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो. ह्याचा संसार आपल्याकडे मुख्यतः कापसावरच. बोंडं संपली की अळी सरकीत शिरते, कधी दोन सरक्या चिकटवून त्यात झोपून राहते. म्हणून तर शेत चार-पाच महिने रिकामं हवं! फरदड म्हणजे तिला फेब्रुवारीतही ताट वाढणं. बीटीचा भरवसा देऊ नकोस. दोन जनुकांचं बियाणं 2006 मध्ये आलं, आणि 2017 मध्ये ह्याच अळीने बीटीचीही बोंडं पोखरली ते तू पाहिलंस. अमेरिकेने ही कीड संपवली, 2018 मध्ये तसं जाहीरही केलं. पण तिथे बीटीच्या जोडीला वांझ पतंग सोडले आणि वेचणीनंतर उरलेली पऱ्हाटी वेळेत गाडली.

अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजतं, औषध पोचत नाही. मग माणसं दोन-दोन औषधं मिसळतात. त्याच 2017 मध्ये यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली रे. तू परवा उघड्या तोंडाने फवारत होतास, असं सुमन फोनवर म्हणाली. खरं आहे का? हातमोजे तरी होते? घरी आल्यावर डोकं दुखलं का, मळमळलं का?

डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपट. बांधावर रचून ठेवू नकोस, बारीक करून मातीत गाड. मजुरीला पैसे कमी पडले तर मी पाठवते. पण मळमळीचं आधी कळव, आजच.

तुझी,
मावशी