पूल 'पास' झाला म्हणजे नेमकं काय झालं?

एक चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका पुलाच्या भार चाचणीची बातमी मी दिली होती. 'पूल सुरक्षित'. हातात एका पानाचं पत्रक होतं, त्यातला '१०० मायक्रोस्ट्रेन' हा आकडा जसाच्या तसा छापला. अर्थ विचारला नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात हे कोण शिकवतं!

परवा इथं बडनेऱ्यात सिव्हिलच्या एका सरांनी बीमला चिकटवलेला स्ट्रेन गेज दाखवला. नखाएवढी पातळ पट्टी. बीमवर वजन आलं की खालची बाजू ताणते, सोबत पट्टीतली तार ताणते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. १०० मायक्रोस्ट्रेन म्हणजे मीटरमागे मिलिमीटरचा दहावा भाग. १२० ओहमच्या पट्टीत फरक पडतो जेमतेम ०.०२४ ओहमचा.

आता हा आकडा कशाचा? साध्या लोखंडात तो २० मेगापास्कल, त्याची ताकद २५०. किरकोळ. पण एम-२५ काँक्रीटमध्ये तोच आकडा २.५ होतो, आणि तडा जायची वेळ येते ३.५ च्या आसपास. मी छापलेला आकडा लोखंडाचा होता की काँक्रीटचा? पत्रकात नव्हतं.

शिवाय आपलं ऊन! लोखंड दर अंशाला १२ मायक्रोस्ट्रेन फुगतं. सकाळी शून्य लावलं आणि दुपारपर्यंत बीम १० अंश तापला, तर ट्रक न आणताच १२० झाले. म्हणून वजन न येणाऱ्या तशाच तुकड्यावर दुसरी पट्टी लावून उन्हाचा हिशेब वेगळा काढतात. आणि पट्टी चिकटवण्याआधीचा ताण, म्हणजे पुलाच्या स्वतःच्या वजनाचा, ती दाखवतच नाही.

सर म्हणाले, "भाऊ, पट्टी खोटं नाई बोलत. पण ते कायचं सांगून रायली, हे पाहा लागते ना बाप्पा!"

वजन काढल्यावरचे आकडेही तेवढेच महत्त्वाचे. आरसीसीत आयएस ४५६ प्रमाणे वाकलेल्यापैकी किमान ७५ टक्के २४ तासांत परत यावं लागतं. माझ्या बातमीत त्याचं अक्षर नाही.

सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय: पट्टी कुठं लावली, वेळ, तापमान, वजन चढवतानाचे आणि उतरवल्यानंतरचे सगळे आकडे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की अख्खं इथंच टाकतो.