कापलेल्या टेकडीवरचे न्यायालय

ॲलेगेनी काउंटीचे न्यायालय अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या मध्यवस्तीत ग्रँट स्ट्रीटवर आहे, आणि त्याच्यासमोर प्रथमच उभ्या राहणाऱ्या माणसाला इमारतीच्या प्रमाणात काहीतरी बिनसल्याचे जाणवते. कारण प्रवेशासाठी योजलेला मूळ मजला आता डोक्याच्याही वर गेला आहे आणि आत शिरताना एकेकाळच्या तळघरातून जावे लागते. हा दोष वास्तुकाराचा नव्हे. हेन्री हॉब्सन रिचर्डसन याने १८८४ मध्ये काम सुरू केले तेव्हा इथे टेकडीचा चढ होता. पुढे १९१२-१३ च्या सुमारास वाहतुकीच्या सोयीसाठी शहराने तो चढ खणून रस्ता खाली नेला आणि इमारतीचा पाया उघडा पडला. रिचर्डसनला ते पाहावे लागले नाही. १८८६ मध्येच तो वारला आणि १८८८ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी काम पुरे केले.

इमारतीची शैली रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि अर्धवर्तुळाकार कमानी यांवर भिस्त ठेवणाऱ्या मध्ययुगीन युरोपीय वास्तुपद्धतीवर आधारलेली आहे. तिचा खडबडीत ग्रॅनाइट रस्त्यावरून कठोर भासतो, परंतु मधल्या अंगणात येताच प्रस्तुत लेखकाला तीच भिंत वेगळी दिसली. खिडक्यांच्या रांगांवर उजेड पडलेला होता आणि कामासाठी आलेली माणसे कारंज्याजवळ बसून होती. दालनांना उजेड आणि वारा मिळावा म्हणून ठेवलेली ही मोकळी जागा रिचर्डसनच्या कौशल्याचा सर्वांत मोठा पुरावा मानावी लागेल, कारण त्या काळचे पिट्सबर्ग गिरण्यांच्या धुराने काळवंडलेले होते.

हे न्यायालय काउंटीचे आहे, आणि काउंटी हा राज्य आणि गावे यांच्या मधला प्रशासकीय घटक होय. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याशी तिची तुलना सहज सुचते, तथापि आपल्याकडे जिल्हाधिकारी नेमला जातो, तर इथे सरकारी फिर्यादी वकील, न्यायालयाचे हुकूम बजावणारा शेरीफ आणि दिवाणी-फौजदारी खटले चालवणारे न्यायाधीश हे सारे मतदारांनी निवडलेले असतात. १७८८ मध्ये स्थापन झालेल्या या काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये साडेबारा लाख होती आणि तिच्यात १३० स्वतंत्र नगरशासने आहेत. एवढ्या तुकड्यांचे एक कारण जमिनीत शोधावे लागते. ॲलेगेनी आणि मोनोंगहेला या नद्या पिट्सबर्गजवळ मिळून ओहायो नदी होते. त्यांच्या आणि उपनद्यांच्या खोल दऱ्यांनी वस्त्या एकमेकींपासून तोडल्या, आणि काठावरच्या एकेका पोलाद गिरणीभोवती वसलेल्या गावाने स्वतःची हद्द व स्वतःचा कर राखला.

या तुटकपणावर सक्तीचा उपायही झाला. नदीपलीकडचे ॲलेगेनी शहर १९०७ मध्ये पिट्सबर्गमध्ये विलीन करण्यात आले, तेव्हा दोन्ही शहरांची मते एकत्र मोजली गेल्यामुळे लहान शहरातल्या बहुसंख्यांचा विरोध निष्प्रभ ठरला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे असा निर्णय झाला की शहरे ही राज्याने निर्माण केलेली असल्यामुळे राज्य त्यांच्या हद्दी रहिवाशांच्या संमतीवाचूनही बदलू शकते. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय निःसंदिग्ध असला, तरी ज्यांचे शहर नकाशावरून पुसले गेले त्यांच्या बाजूने पाहिले तर तो अन्यायकारकच वाटतो. पुढे संपूर्ण काउंटीचे एकच महानगर करण्याची योजना १९२९ मध्ये मतदानाला आली आणि एकूण बहुमत मिळूनही, बहुतांश गावांत दोन तृतीयांश मते मिळवण्याची अट पुरी न झाल्यामुळे ती बारगळली.

त्यामुळे काउंटीचे शासनच हळूहळू बदलत गेले. तीन आयुक्तांची जुनी पद्धत २००० मध्ये संपून निवडून आलेला एक कार्यकारी प्रमुख आणि १५ सदस्यांची परिषद आली. इमारतींचा वापरही बदलला. न्यायालयामागच्या, रॉस स्ट्रीटवरील दगडी पुलाने जोडलेल्या तुरुंगातले कैदी १९९५ मध्ये नदीकाठच्या नव्या तुरुंगात गेले आणि पुढे त्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत कौटुंबिक न्यायालय भरू लागले. गावे वेगवेगळी असली तरी घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी यांचे निवाडे आता तिथे होतात.