पाळकसाहेबांचा रविवार

'पाळक' हा शब्द तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे, कोण जाणे. मला दहा वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हता. ख्रिश्चनांचे पुजारी म्हणजे फादर, ते पांढरा झगा घालतात आणि लग्न करत नाहीत, एवढीच आमच्या मुलुंड पूर्वेतल्या चाळीची माहिती. त्यामुळे १९८४ साली आमच्या मागच्या गल्लीतल्या छोट्या मराठी चर्चमध्ये नवे 'फादर' आले आणि त्यांच्यामागून टेम्पोतून बायको, दोन मुलं, शिवणाचं मशीन आणि एक बॅट उतरली, तेव्हा आजी म्हणाली, "अगं बाई, फादरला बायको?" त्यांनी ते ऐकलं. हसत जवळ येऊन म्हणाले, "आजी, सलाम. मी फादर नाही, पाळक. आमच्यात चालतं."

मराठी प्रॉटेस्टंट मंडळी एकमेकांना सलाम म्हणतात हेही तेव्हाच कळलं. आणि बॅट त्यांची स्वतःची होती, मुलाची नव्हे!

गेल्या महिन्यात पाळककाका गेले. ऐंशी पार केली होती, झोपेत गेले, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण तेव्हापासून दर शनिवारी लिहायला बसलो की दुसरं काही सुचत नाहीये. म्हणून आज कामाचं, कोडचं काही नाही. आज काका.

मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं, तेव्हापासून तिथे शाळा, दवाखाने आणि मिशन कंपाउंडं उभी राहिली. काकांचं बालपण अशाच एका कंपाउंडमधलं. संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं बांधायचं आणि अंधार पडला की प्रार्थनेची घंटा. त्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टींत विरोध नव्हताच. ते सांगायचे, बास्केटबॉल ज्याने १८९१ साली शोधला तो जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला माणूस, पुढे १९१६ साली त्याला दीक्षाही मिळाली. आणि गंमत म्हणजे कॅन्सस विद्यापीठाच्या इतक्या कोचांमध्ये जिंकण्यापेक्षा जास्त मॅचेस हरलेला तो एकटाच! "ज्याने खेळ काढला तोच हरतो, बघ," असं म्हणून काका स्वतःच खदाखदा हसायचे.

चर्चच्या अंगणात क्रिकेट चालायचं. नियम एकच, लेग साइडला मारलं की आऊट, कारण तिकडे काकूंचे वाळत घातलेले पापड असत. आमच्या अख्ख्या बॅचला कव्हर ड्राइव्ह बरा जमतो आणि पुल अजिबात जमत नाही त्याचं कारण हे. काका स्वतः डावरी फिरकी टाकायचे, चप्पल काढून, शर्टाच्या बाह्या दुमडून. आम्ही बारा-पंधरा पोरं, त्यातली चर्चची चारच. बाकी आम्ही जोशी, पाटील, शहा, दोन शेख आणि मिठागर रोडवरचा एक आगरी पोरगा, जो सगळ्यांत लांब मारायचा. चौदा वर्षांत त्यांनी मला एकदाही चर्चमध्ये ये म्हटलं नाही. नाताळचा केक मात्र घरी यायचा, आणि आमच्या चकल्या त्यांच्याकडे जायच्या. आमच्या बाबांना सुरुवातीला शंका होती, की पोरांना खेळाच्या नावाखाली ओढताहेत की काय. वर्षभराने बाबाच रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे स्कोअर विचारायला जाऊ लागले.

बरं का, आता मुद्द्याचं. खेळवेड्या पाळकाची खरी अडचण काय, तर रविवार. मुंबईच्या उपनगरांत खेळ होतो रविवारी. सोसायटीच्या मॅचेस, ऑफिसच्या मॅचेस, संभाजी मैदानावर एकात एक घुसलेल्या सहा मॅचेस, सगळं रविवारी सकाळी. आणि नेमका तोच दिवस, तीच वेळ पाळकाची ड्यूटी. माझ्यासारख्याला दर शुक्रवारी रात्री डिप्लॉयमेंट असतं तसं, फक्त जन्मभर.

काका याबद्दल कुरकुरले नाहीत, पण हिशोब पक्का ठेवायचे. १९८३ ची फायनल, २५ जून, शनिवार. "देवाची कृपा." १० मार्च १९८५, मेलबर्नला भारत-पाकिस्तान फायनल, रविवार. मेलबर्नची मॅच म्हणजे आपल्याकडे सकाळ, म्हणजे उपासनेची वेळ. त्या दिवशी चर्च निम्मं रिकामं होतं म्हणे, आणि आजूबाजूच्या चाळींतून ओरडा झाला की आत बसलेले मान न हलवता एकमेकांकडे बघायचे. काकांनी प्रवचन एका मिनिटानेही आटपतं घेतलं नाही. शेवटचा आशीर्वाद दिला, पायऱ्यांवर आले, सगळ्यांचे हात हातात घेतले आणि मग कठड्यावर बसलेल्या आम्हाला विचारलं, "किती झाल्या?" शास्त्रीला ऑडी मिळाली ती त्यांनी आमच्याच घरी पाहिली. आणि २०११? २ एप्रिल, शनिवार. तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण फोनवर पहिलं वाक्य तेच, "बघ, शनिवार!"

हजारे हे त्यांचं दैवत (हा शब्द त्यांना चालला नसता, पण असो). विजय सॅम्युअल हजारे, सांगलीचे, शिक्षकाचा मुलगा, मराठी ख्रिस्ती. आमच्या पिढीला हजारे म्हणजे वनडेची ट्रॉफी एवढंच ठाऊक. काकांना डिसेंबर १९४३ ची पंचरंगी सामन्यांची फायनल पाठ होती, वडिलांकडून ऐकलेली. त्या काळी मुंबईत धर्मावर संघ होते: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि उरलेले सगळे म्हणजे 'द रेस्ट'. त्यात आपले ख्रिस्ती. "रविवारी रेस्ट घेणारे म्हणून द रेस्ट," हा काकांचा ठरलेला विनोद. तर ब्रेबर्नवर हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, मर्चंट नाबाद २५०. रेस्ट १३३ मध्ये खलास. फॉलोऑननंतर ५ बाद ६०. तिथून विजय हजारे आणि त्यांचा भाऊ विवेक यांनी ३०० ची भागीदारी केली. संघाच्या एकूण धावा ३८७, त्यांतल्या विजयच्या ३०९. आणि त्या तीनशेच्या भागीदारीत खेळलेल्या विवेकच्या किती? २१.

हरलेच ते, एक डाव आणि ६१ धावांनी. काका ३०९ बद्दल फार बोलायचे नाहीत. त्यांचं सगळं प्रेम त्या एकवीसवर. "विचार कर, दुसऱ्या टोकाला भाऊ चौकार मारतोय, टाळ्या त्याला, आणि हा आपला चेंडू खाली ठेवतोय. कोण लक्षात ठेवतं?" यावर काकू आतून, पोळ्या लाटता लाटता, "मी ठेवते. यांच्या तीनशे नऊ आणि माझ्या एकवीस." काकू महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. पाळकाच्या पगारात दोन मुलं वाढवणं आणि वर रात्री-अपरात्री दारात येणारी मंडळी (कुणाचा नवरा पिऊन आलाय, कुणाचं मूल तापलंय) जेवू घालून परत पाठवणं म्हणजे काय, हे आता घर चालवताना मला थोडं कळतंय. त्यांचा तो टोमणा ऐकून काका गप्प बसायचे. दुसऱ्या दिवशी भांडी त्यांनी घासलेली असायची.

त्यांचा थोरला माझ्याच वयाचा. डावरा, बापाची फिरकी, पण बोटांत काहीतरी जास्तच होतं. शाळेकडून तो छान खेळला. ते सामने आठवड्यातल्या दिवशी, त्यामुळे प्रश्न आला नाही. मग आम्ही कॉलेजात गेल्यावर त्याला एका क्लबाने कांगा लीगसाठी विचारलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात ही स्पर्धा चालते. खेळपट्टी ओली, गवत घोट्यापर्यंत, मारलेला चेंडू चिखलात रुतून बसतो. फिरकीवाल्याला स्वर्ग. आणि सामने? रविवारी.

मंडळीतल्या ज्येष्ठांनी घरी येऊन सांगितलं, की पाळकाचा मुलगा रविवारी पांढरे कपडे घालून लोकल पकडताना दिसला तर बाकीच्या पोरांना आम्ही काय सांगायचं? एकाने 'चॅरियट्स ऑफ फायर'ची व्हिडिओ कॅसेटच आणली होती. एरिक लिडेलची गोष्ट. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि मग चारशे मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. मी तेव्हा ओट्यावर बसून होतो, त्यामुळे पुढचं मला नीट आठवतंय. काकांनी कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "हा माझाही आवडता माणूस. पण सिनेमा मध्येच संपतो." मग पुढची गोष्ट सांगितली. लिडेल चीनमध्ये मिशनरी झाला, युद्धात जपान्यांच्या कैदेत सापडला, वेइशिएनच्या छावणीत. तिथल्या मुलांना रविवारी खेळायचं होतं, तेव्हा आधी तो नाहीच म्हणाला. पण मुलं पंचाशिवाय खेळली आणि मारामारी झाली, त्याच्यानंतर तो स्वतः रविवारी पंच म्हणून उभा राहिला. त्याच छावणीत १९४५ साली गेला, त्रेचाळीसाव्या वर्षी. धाकट्या मुलीचं तोंडही त्याने पाहिलं नाही, ती आईबरोबर कॅनडात होती.

"लिडेलचा निर्णय लिडेलने घेतला," काका म्हणाले. "याचा हा घेईल. माझा मी घेतलाय."

थोरला खेळला. चार मोसम. आणि काकांनी त्यांतला एकही सामना पाहिला नाही. उपासना सकाळची, ती झाल्यावर आजाऱ्यांच्या घरी जाणं, दुपारी रविवारची शाळा, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. एखाद्या रविवारी दुसऱ्या पाळकाला बोलावून सहज जाता आलं असतं. नातेवाइकांच्या लग्नाला जायचेच की. काकूंनी सुचवलंही. नाही म्हणाले. दुसऱ्याच्या मुलाला जे नाही म्हणून सांगत नाही, त्याचा फायदा आपल्या मुलासाठी उचलायचा नाही, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. बाप म्हणून एकदा तरी जायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी त्यांना तसं बोललोही होतो. ते म्हणाले, "तू जातोस ना?"

जायचो. बारावा खेळाडू, पाणी देणारा, स्कोअरर, पडेल ते काम. आणि रविवारी रात्री आठला चर्चच्या ओट्यावर माझी हजेरी. काकांसमोर शंभर पानी वही, हातात पेन्सिल. आज ज्याला आम्ही लॉग म्हणतो तो मी तेव्हा तोंडी द्यायचो. कितवी ओव्हर, समोर कोण, उजवा की डावा, विकेट कशी. त्यांचे प्रश्न भयंकर. "चेंडू थांबून येत होता का?" "शॉर्ट लेग त्याने मागितला की कॅप्टनने दिला?" "मार पडल्यावर चेहरा कसा होता?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायचे नाहीत, नुसतं ऐकायचे. थोरला आत जेवत असायचा. त्याला स्वतःला का विचारत नाही, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणे, "तो विकेटच्या गोष्टी सांगेल. मला बाकीच्या चेंडूंचं हवंय."

सगळ्यांत चांगला दिवस आझाद मैदानावरचा, सात विकेट. मी रात्री धावत आलो तर काका एका मयतीला गेलेले. साडेदहाला आले, थकलेले, डोळे लाल. म्हटलं उद्या सांगतो. तर कोट न काढता बसले आणि सातही विकेट लिहून घेतल्या. सहावा यष्टिचीत होता, तिथे पेन्सिल थांबवून म्हणाले, "म्हणजे फ्लाइट दिली. पाऊस असून फ्लाइट दिली." मग उठून आत गेले. थोरला झोपला होता, त्याच्या अंगावरची चादर सरळ केली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आता घरी जा, आई वाट बघत असेल."

पाचव्या मोसमाआधी थोरल्याचा खांदा गेला. मग नोकरी, मग आखात. १९९७ च्या शेवटी काकांची बदली झाली, पुढे ते निवृत्त होऊन बदलापूरला छोट्या फ्लॅटमध्ये गेले. आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रविवार मिळाला. सकाळची पहिली उपासना करायची, डबा घ्यायचा आणि फास्ट लोकल पकडून थेट सीएसटी. जुलै ते सप्टेंबर, दर रविवारी, छत्री आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन ते आझाद मैदान नाहीतर क्रॉस मैदानाच्या कडेला. कुणाचा सामना, कुठला क्लब, काही घेणंदेणं नाही.

मी एकदा ठरवून त्यांना तिथे भेटलो, नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. पाऊस नुकताच थांबलेला. ताडपत्रीच्या तंबूशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, वही मांडीवर. तीच शंभर पानी, नवी. एक सतरा-अठरा वर्षांचा डावरा पोरगा टाकत होता, जेमतेम मिसरूड फुटलेला. मला बघून काकांनी नुसता हात वर केला, ओव्हर संपेपर्यंत बोलायचं नाही. ओव्हर संपली. त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला, काकूंनी माझ्यासाठी वेगळे घावन दिले होते. मग त्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "याचे आईबाप आलेत का रे? जरा विचारून ये."

मी तंबूत जाऊन विचारलं. कुणी आलं नव्हतं. काकांनी मान हलवली, पेन्सिलीला टोक केलं आणि पुढची ओव्हर लिहायला घेतली.