खालाचा सात सेकंदांचा आवाज

मुरुमच्या आमच्या घरात लोखंडी पेटीच्या तळाशी एक व्हिडिओ कॅसेट तीस वर्षं पडून होती. मोठ्या आपाच्या शादीची. एप्रिल १९९३. रमजान ईद होऊन तीन-चार आठवडे झाले होते. मी तेव्हा तेरा वर्षांची. शादीत व्हिडिओवाला बोलवायचा की नाही यावरून घरात बराच वाद झाला होता. दादाजींना ते पसंत नव्हतं, पण मुलाकडच्यांचा आग्रह होता. शेवटी अब्बा म्हणाले, "लेकीची हौस आहे, होऊ द्या."

कॅसेट हातात आल्यावर आम्ही भाड्याने व्हीसीआर आणून ती दोनदा बघितली. सप्टेंबरनंतर मात्र कुणी तिचं नाव काढलं नाही.

माझी खाला, म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, सास्तूरला दिली होती. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे, चारच्या सुमाराला, भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आपल्या भागातली घरं अशीच असत, आणि ती झोपलेल्या माणसांवरच कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. त्यात खाला, खालूजान आणि त्यांची दोन लेकरं. घरासोबत त्यांचे फोटोही गेले. तसे फोटो फार नव्हतेच. खालाला फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात अम्मी आपणहून म्हणाली, "वो कॅसेट में छोटी है ना? एक बार देखने दे." अम्मीचं वय झालंय, नजर कमी झालीय. मी लगेच कामाला लागले.

पहिली अडचण यंत्राची. व्हीसीआर आता नवीन मिळत नाही. जपानमधल्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, २०१६ साली ते बनवणं बंद केलं. पण मामेभावाने जेद्दाहून आणलेलं एक जोडयंत्र त्याच्या माळ्यावर होतं. त्यात एका बाजूला कॅसेट घालायची, दुसऱ्या बाजूला कोरी डिस्क. बटण दाबलं की इकडचं तिकडे उतरतं. सिनेमाच्या विकतच्या कॅसेटवर बऱ्याचदा कॉपी रोखणारी खूण असते, ती यंत्र घेत नाही. घरच्या कॅसेटला ती अडचण नाही.

कॅसेट थेट घालणार होते, तेवढ्यात खिडकीतून आतली फीत दिसली. कडेला पांढरट ठिपके. बुरशी. उमरग्याचे एक जुने टीव्ही दुरुस्तीवाले चाचा आहेत, त्यांच्याकडे नेली. ते म्हणाले, "बेटा, घातली असतीस तर बुरशी हेडला लागली असती आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागत गेली असती." त्यांनी पाच स्क्रू काढून डबी उघडली, फीत कोरडी पुसून दुसऱ्या डबीत बसवली. यंत्राचा गोल ड्रम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दिला. हा ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो, त्यामुळे जरासा कचराही चित्रावर रेघा मारतो. मग कॅसेट आधी एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवायला सांगितली, म्हणजे चिकटलेली फीत सुटते.

उतरवायला घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. एका डिस्कवर चांगल्या प्रतीचं दोन तास बसतं; जास्त कोंबलं तर चित्र फुटतं. मी दोन डिस्क केल्या. शेवटी डिस्क 'फायनलाइज' करायची, नाहीतर ती दुसऱ्या प्लेअरवर चालत नाही. डिस्कही कायमची नाही, म्हणून तेच कॉम्प्युटरवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवलं.

उतरताना अम्मी शेजारी बसली होती. मी वही घेतली. कोण दिसलं की अम्मी सांगायची, मी लिहायची: निळ्या शेरवानीतले अब्बांचे दोस्त, पंगत वाढणारे पाटील काका, आळंदहून आलेली, अर्धं कानडी बोलणारी फूफी. यंत्र चेहरे उतरवतं, नावं उतरवत नाही. अम्मी नसती तर त्यातली निम्मी माणसं माझ्यासाठी अनोळखी गर्दीच होती.

मग हळदीची रात्र आली. बायकांमध्ये खाला होती. पण लाइट अंगावर आला आणि तिने पदर तोंडावर ओढला. दिसले फक्त हात, हिरव्या बांगड्या, हळदीने माखलेली बोटं. आवाज तर नाहीच, कारण स्टुडिओवाल्याने सगळ्या कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवली होती. तेव्हा तीच फॅशन होती. बायका ढोलकवर गाताना दिसतात, ऐकू मात्र दुसरंच काही येतं.

एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आत स्टुडिओवाल्याकडून थोडी जागा सुटली. मूळ आवाज तेवढाच राहिला. ढोलक, भांड्यांचा आवाज, आणि पदराआडून खाला. व्हिडिओवाला मराठी पोरगा होता, त्याला म्हणाली, "लेकरा, पुरं कर की आता. तो उजेड बंद कर आन् आधी दोन घास खाऊन घे."

सात सेकंद. मी मोजले.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात 'आन्' लिहिलं तर लाल शाईने 'आणि' करते. 'तुमची मराठी इतकी चांगली कशी?' हा प्रश्न बीएड कॉलेजपासून आजच्या स्टाफरूमपर्यंत मी कितीदा ऐकलाय. हल्ली उलटंही ऐकते. घरात मराठी बोललं तर आमचीच पोरं विचारतात, हे कशाला? खाला शाळेत गेली नव्हती. घरात दखनी बोलायची, आणि परक्याच्या पोराला जेवायला सांगताना तिच्या तोंडून मराठीच आली. दोन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून मला ते एक वाक्य पुरेसं आहे.

भाच्याने व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर मागितला. अम्मीने नाही म्हटलं. "तिने मुँह छुपाया था. उसकी मर्जी थी." मलाही ते पटलं. निकाहाचा, पंगतीचा भाग सगळ्यांना पाठवला. हळदीची रात्र घरात राहिली. खालाचे ते सात सेकंद फक्त आवाज म्हणून वेगळे काढले आणि आपाला पाठवले, तेही अम्मीला विचारून.

तुमच्याही पेटीत अशी कॅसेट असेल तर यंत्र शोधाच, पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि वही घ्या. यंत्र मागून मिळेल. माणूस मिळणार नाही.

अम्मीने ते सात सेकंद तीनदा ऐकले. मला वाटलं, रडेल. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "वो छोरा खाया था क्या फिर?"

मी वहीत बघितलं. त्या पोराचं नाव तेवढं आम्ही लिहिलं नव्हतं. अम्मीलाही ते आठवलं नाही. त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.