मूठ उघडताना

"मॅडम, हात आता चांगला घट्ट झालाय. ताकद आली ना?"

घनसावंगीकडच्या एका मोसंबी बागायतदाराचा मुलगा विचारत होता. वडिलांच्या अंगावरून वारं जाऊन पाच महिने झाले होते. हात कोपरात दुमडून छातीशी आलेला, मूठ आवळलेली, मुठीत रबरी चेंडू. 'दाबत राहा' असं कुणीतरी सांगितलेलं. मी त्यांचं मनगट खाली झुकवलं, अंगठा बाहेर घेतला, मग सावकाश एकेक बोट. आतला तळवा पांढराफटक, ओलसर, कुबट वासाचा. नखांच्या चार खुणा रुतलेल्या.

जालन्यात फिजिओथेरपी करताना हा प्रश्न नेहमी येतो आणि 'नाही' म्हणताना दरवेळी जीव तुटतो. घट्टपणा म्हणजे ताकद नव्हे. लकव्याचा घाव मेंदूत बसतो, पण पुढची पडझड स्नायूंत होते. आधी हात-पाय लुळे पडतात. वापर थांबला की काही दिवसांतच स्नायू रोडावू लागतात. अंथरुणाला खिळल्यावर चांगली बाजूसुद्धा झिजते. पुढे मेंदूचा लगाम सुटलेले स्नायू आपोआप आवळू लागतात. हातात ते बहुधा वाकवणारे असतात, पायात पोटरीचे. म्हणून टाच टेकत नाही आणि माणूस पाय बाहेरून फेकत चालतो.

आवळलेला स्नायू तसाच राहिला तर खरोखर आखूड होतो. त्याचा प्रत्येक तंतू सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म कड्यांच्या साखळीचा असतो. ताबारी आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला. सुमारे ४० टक्के कड्या गेल्या. हे संशोधन १९७२ सालचं. प्लास्टर काढल्यावर कड्या परतही आल्या. माझी सारी उमेद त्या परत येण्यावर आहे. अर्थात लकव्यात मेंदूच्या घावामुळे होणारं आवळणं चालूच असतं. नुसतं ओढून-ताणून फारसं साधत नाही. स्नायूला कामही द्यावं लागतं.

चेंडू मी काढून घेतला. आधीच आवळलेल्या बोटांना आणखी आवळायला का शिकवायचं? खाटेवर बसून तळवा शेजारी टेकवायचा, कोपर सरळ ठेवून त्यावर भार द्यायचा. मूठ रोज उघडून धुवायची, कोरडी करायची. आणि उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निसटतो. हे मुलाला मी तीनदा करून दाखवलं.

तरीही सगळा भार घरच्यांवर टाकणं मला पटत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' अभ्यासात घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं होतं. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झालं नव्हतं. मी स्वतः तेच करत आलेय, म्हणून तो निकाल फार लागला. मंठ्याहून, परतूरहून माणूस इथं आणायचा तर घरातल्या आणखी एकाची मजुरी बुडते. शिकलेले हात तालुक्यात, गावापर्यंत पोचायला हवेत.

त्या काकांना मी बागेतलीच मोसंबी आणायला सांगितली. धरणं त्यांना जमायचं, सोडणं जमेना. बोटं उघडायची वेळ आली की खांदा वर चढायचा, कपाळाला घाम फुटायचा. आठवडे गेले. एका सकाळी त्यांनी मोसंबी टोपलीवर नेली, श्वास सोडला, आणि ती आत पडली. त्यांनी लगेच दुसरी मागितली.