बाविसावं गुणसूत्र

माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. पोलादपुरात सगळ्यांनी ते पित्तावर घातलं. महाडला रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या. जड वाटत होती ती वाढलेली पानथरी. परळला टाटा हॉस्पिटलात मज्जा तपासली आणि या आजाराचं, रक्ताच्या कर्करोगाचं, कारण कागदावर आलं. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांना देऊन टाकले होते.

हे आखूड झालेलं बाविसावं १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना प्रथम दिसलं. त्याचा हरवलेला तुकडा नवव्यावर जाऊन बसलाय, हे १९७३ मध्ये जॅनेट रौलींनी दाखवलं. गुणसूत्रांचे फोटो कातरून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत. या बाईंबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

गावात पहिला प्रश्न आला, पोरांना होईल का? पुतणीचं लग्न ठरायचं होतं, वहिनी खचल्या. हा दोष जन्माचा नसतो, मज्जेतल्या एका पेशीत पुढे कधीतरी घडतो, मुलांत उतरत नाही, हे मी ओटीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलो.

गोळी इमॅटिनिब, रोज चारशे मिलिग्रॅम. मूळ कंपनीची महिन्याला लाखावर जाई. भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्याच्या दहाव्या हिश्शात मिळे. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला.

गोळीच्या आधीच्या काळात हा आजार बहुधा तीन ते पाच वर्षं सौम्य राही, मग वेग घेई आणि शेवटी अपक्व पेशींनी रक्त भरून जाई. त्या वाटेवर पेशींत नवे दोष येतात: आठव्या गुणसूत्राची जादा प्रत, आखूड बाविसाव्याची दुसरी प्रत, सतराव्याची मोडतोड. अंगात काही जाणवण्याआधीही ते गुणसूत्रांच्या तपासणीत दिसू शकतात. म्हणून तपासणीची तारीख मी कधी टळू दिली नाही.

जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीने महाड बुडवलं, दरडींनी रस्ते बंद केले आणि अण्णांच्या गोळ्या संपत आल्या. पुतण्या मुंबईहून निघाला. गाडी आली तिथवर गाडीने, पुढे चिखल तुडवत. एकही दिवस चुकला नाही.

परवा शेजारच्या वाडीतल्या, हाच आजार असलेल्या एक बाई म्हणाल्या, आता बरं वाटतंय, गोळी सोडते. अण्णा स्वतः त्यांच्या घरी गेले. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, म्हणाले, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका. आठव्या गुणसूत्राची गोष्टही त्यांनीच समजावून सांगितली.