दोराचा गाभा, बोटाची कंडरा

प्रस्तरारोहणाचा दोर दोन थरांचा असतो: आत गाभा आणि त्यावर घट्ट विणलेले आवरण. पूर्वीचे दोर, वनस्पतींच्या धाग्यांचे असोत की सुरुवातीच्या नायलॉनचे, पीळ देऊन वळलेले असत. १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड कंपनीने गाभा-आवरणाची रचना आणली आणि पुढे तीच रूढ झाली. वजन मुख्यतः गाभा पेलतो; खडकाचे घासणे आवरण सोसते.

गाभ्याचे खरे काम ताणले जाण्याचे. ८० किलो वजन टांगल्यावर एकेरी डायनॅमिक दोर १० टक्क्यांहून अधिक लांबू नये, चाचणीतल्या पहिल्या फॉलमध्ये ४० टक्क्यांहून अधिक नाही, आणि त्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे १,२०० किलो भाराच्या वर जाऊ नये, असे युरोपीय प्रमाण सांगते. असे किमान पाच फॉल दोराने झेलायचे असतात. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, स्टॅटिक दोर जेमतेम ताणतो. त्यावर लीड करणारा, म्हणजे सर्वांत पुढे चढणारा, पडला, तर झटका थेट कमरेला आणि बोल्टला बसतो. सह्याद्रीतल्या मोहिमांत दोन्ही दोर सोबत असतात, म्हणून टोकांना वेगळ्या रंगाची पट्टी लावण्यात हयगय नसावी.

दोराचा मोठा शत्रू बारीक असतो. कातळाची कच आवरणातून आत शिरते आणि ताण पडला की धागे आतून कापते. दोरावर पाय पडला की ती आणखी खोल जाते. जमिनीवर पसरायची चादर जोडलेली पिशवी यासाठीच. तिच्यात दोर वेटोळे न करता सुटा भरतात, त्यामुळे पीळ पडत नाही. खालच्या टोकाला गाठ मारून ते पिशवीच्या फितीला बांधतात. आरोहकाला खाली सोडताना दोर अपुरा पडून टोक खालच्या साथीदाराच्या बिले उपकरणातून (दोर रोखून धरणाऱ्या साधनातून) निसटल्याने अपघात झालेले आहेत. ॲसिडपासून मात्र पिशवीही वाचवत नाही. गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ राहिलेला दोर वाफेनेही कमजोर होऊ शकतो आणि वरून तो नव्यासारखाच दिसतो. म्हणून अनुभवी आरोहक दोर डोळ्यांपेक्षा बोटांनी तपासतात: मऊ पडलेली जागा, फुगवटा, गाभ्यातली पोकळी.

त्या बोटांतही दोरच आहेत. कोलॅजनचे तंतू, तंतूंचे जुडगे, जुडग्यांचे मोठे जुडगे, अशी कंडरेची घडण असते. बोटे वळवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या कंडरा, हाडाला आडव्या पट्ट्यांनी, म्हणजे पुलींनी, धरलेल्या. बारीक कडेवर बोटे दुमडून क्रिंप केले की पहिल्या पेरातल्या पुलीवर प्रचंड ताण येतो.

कंडरेचे जुने दुखणे दीर्घकाळ सूज समजले गेले. प्रत्यक्षात त्यात तंतूंची मांडणी विस्कटलेली असते आणि दाह थोडाच आढळतो. नुसत्या विश्रांतीने वेदना कमी होते, पण ताकदही घटते; खडकावर परतताच दुखणे परत येते. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला महिने लागतात, आणि उत्साही नवशिक्याची दुखापत नेमकी याच फरकात होते. २०१३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ च्या आधारे दाखवले, की टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळपास नव्याने घडत नाही. तरीही मोजका, संथ, आठवड्यागणिक वाढवलेला भार कंडरेला पुन्हा कामाजोगे करतो. जुन्या दुखण्यावर सर्वांत भरवशाचा उपाय तोच.

भार किती हे ठरवताना चढाईच्या वेळच्या वेदनेवर विसंबू नये. शरीर तापले की ती लपते. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळून पाहावी. कालपेक्षा आखडलेपणा वाढला असेल, तर भार जास्त झाला. आणि चढताना बोटात ‘टक्’ असा आवाज होऊन कळ आली, तर ती पुली तुटल्याची खूण असू शकते: तिथेच खाली उतरावे आणि हाताच्या डॉक्टरांना दाखवावे.